मोठीआईची उलटतपासणी

मोठीआई प्रश्न विचारायची ते उत्तरासाठी नव्हे. बाबांची ही वहिनी तहसील कचेरीत तीस वर्षं होती; समोर कोणी उभं राहिलं की त्याची पेशी, म्हणजे सुनावणी, सुरू. निवृत्तीनंतर गावातल्या आमच्या घरात पेशीला मी एकटीच सापडले. मला ती आवडत नसे. हे लिहितानाही मागे वळून पाहिलं.

पदवीची परीक्षा दोनदा बुडाली, तेव्हा डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराचं, निदान करून कॅप्सूल दिली. मोठीआईने पाकीट उजेडात धरलं. “काऊन वं, नशेची तं नाही?” नाही. “सवय लागते?” नाही. “जन्मभर खाशीन का?” माहीत नाही. “मंग माहीत काय हाय तुले?” पाहुणे आले की त्यांच्यासमोर हेच, पुन्हा पहिल्यापासून. माझी भूक कमी झाली होती. ताटात अर्धी भाकर उरली की ती ताट उचलून सगळ्यांना दाखवायची. “हे पाहा गोळीचं काम.”

फरक पडायला काही आठवडे लागतात, असं डॉक्टर म्हणाले होते. ती रोज संध्याकाळी विचारायची, “आज पडला?” तिसऱ्या आठवड्यात तिने निकाल दिला. “काही फरक दिसून नाही राह्यला. महिना भरला का बंद.” तिच्यापुढे बाबाही बोलत नसत. परीक्षा दीड महिन्यावर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात डोळा चोळताना दिसली. “तिखटाचा हात लागला,” म्हणाली. ओट्यावर कॅप्सूलची दोन रिकामी टरफलं आणि पांढरी भुकटी पडली होती. आत काय आहे, याची तिने स्वतःच तपासणी केली होती. मी दारात उभी राहिले. किती वेळ, ते सांगणार नाही. मग म्हणाले, “चोळू नका. पाण्याने धूत राहा. ती भुकटी डोळ्याला वाईट.”

“तुले कोणं सांगतलं?”

“डॉक्टरांनी. मी विचारलं होतं.”

“तू? तोंड उघडलं तू?”

दवाखान्यातही ती तिखटच म्हणाली. तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्याने बोलले. “तिखट नाही. माझी कॅप्सूल फोडली त्यांनी.” ते तिने मला कधीच माफ केलं नाही. पण गोळी बंद करायचा विषयही पुन्हा काढला नाही.

मी पास झाले. पेढा हातात धरून ती म्हणाली, “गोळीनं झाली का अभ्यासानं?” मी पेढ्यांचा डबा बाबांपुढे धरला. गेल्या वर्षी ती वारली. उत्तर आता मला येतं: दोन्हींनी. विचारायला ती नाही.