टाक्यांखाली राहिलेला बोळा

“तपासायचं न्हाई मॅडम. नुसती गोळी द्या,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची सून रेश्मा मान खाली घालून बसली होती. दोघी माल्याहून पौडला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. मी स्त्रीरोगतज्ज्ञ. ‘तपासू नका’ असं मला जवळपास रोज कोणीतरी सांगतं. पण रेश्मा जवळ बसली आणि जो वास आला, त्यावर नुसती गोळी देणं शक्यच नव्हतं.

बाळंतपणाला दीड महिना झालेला. अंगावरून पिवळट, घाण पाणी जात होतं, अधूनमधून ताप. जिथे बाळंतपण झालं त्या डॉक्टरांकडे ती तीनदा जाऊन आली होती.

“त्यांनी आतून बघितलं का?”

“न्हाई. खुर्चीवरनं उठलेच न्हाईत. म्हणले, रोज अंघोळ करत जा.” तिचा आवाज फाटला. “मी दोनदा करते मॅडम.”

सासूबाईंना बाहेर बसवलं. मग रेश्मा बोलली. घरात तिला चुलीपाशी येऊ देत नव्हते. बाळ फक्त पाजायला हातात मिळायचं. नवरा मारुंजीत मित्राच्या खोलीवर राहायला गेला होता. जाताना सासूबाईंसमोर विचारून गेला, “कुणाकडनं आणलास ह्यो रोग?”

तिला विचारून मी स्पेक्युलम लावला. योनीमार्ग अलगद उघडून आत बघायचं हे साधं उपकरण. आत कुजलेल्या गॉजचा बोळा होता. बाळंतपणानंतर टाके घालताना रक्त टिपायला ही कापडाची घडी ठेवतात आणि काम झालं की काढतात. ती कोणी काढलीच नव्हती. मी चिमट्याने काढली. सिस्टरने खिडक्या उघडल्या.

मी त्या डॉक्टरांना फोन लावला.

“होतं हो मॅडम कधीकधी,” ते म्हणाले. “पेपरवर इन्फेक्शन एवढंच लिहा. आपण एकाच धंद्यातले.”

“ती तीनदा आली होती तुमच्याकडे.”

“प्रत्येकीला आतून तपासत बसलो तर ओपीडी कधी संपायची?”

“विष रक्तात भिनलं असतं तर ती संपली असती.”

मी जे सापडलं तेच लिहिलं, फोटोसकट. तक्रार कुठे करायची तेही रेश्माला सांगितलं.

अँटिबायोटिकने ताप उतरला. पुढच्या तपासणीला नवरा सोबत आला. मला म्हणाला, “सॉरी मॅडम.”

“मला कशाला?”

तो रेश्माकडे वळला. ती म्हणाली, “हितं नगं. आईंच्या म्होरं बोलला होता ना, तितंच म्हणा.”

तो म्हणाला की नाही, मला माहीत नाही. तक्रार मात्र तिने केली. चौकशी चालू आहे, आणि त्या डॉक्टरांचा दवाखानाही.

घसा दुखतो म्हटलं की डॉक्टर आधी तोंड उघडायला लावतात. बाईने खालचं दुखणं सांगितलं, की सगळेच आधी तिची चालचलणूक तपासतात.