यसामावशीचा अंदाज

कंपौंडरकीत दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. बाटल्या धुवाव्या लागतात, किस्से तसेच राहतात. निजामाच्या राज्यात बीडकडच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी वीसेक वर्षं औषधं घोटली. मित्रमंडळी बसली की अजूनही एकच फर्माईश होते, "यसामावशीचं सांगा."

यसामावशी म्हणजे आमच्या दवाखान्याची सुईण. कोणती बाई दिवस भरायच्या आत बाळंत होणार, हे ती आधीच सांगायची, आणि तसंच व्हायचं. मी तिचा भक्तच होतो, तेव्हा सांगण्यात मीठमसाला जरा जास्त पडला तर समजून घ्या.

* * *

डॉक्टरसाहेब हैदराबादहून नवेच आले होते. सोबत दोन पेट्या विलायती पुस्तकं, आणि सुईणींबद्दल मनात आदर म्हणाल तर शून्य. एक दिवस वडवणीच्या पाटलांची सून खोकल्याचं औषध घ्यायला आली. नुकताच आठवा लागलेला, पण बाई टुणटुणीत. मावशी ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. तिथूनच म्हणाली, "साहेब, हिला गाडीत बसवून माघारी धाडू नगा. ही पंधरा दिसांत मोकळी व्हती."

"हाथ लगाए बगैर बोल रै तुम?" साहेब हसले.

सुनेची मावळण, म्हणजे आत्या, गावातच राहायची, म्हणून तिला तिथे ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी ती बाळंत झाली. लेकरू एवढंसं, पण दवाखाना हाकेच्या अंतरावर होता म्हणून वाचलं. साहेबांनी मावशीला बोलावून विचारलं, कसं कळलं?

"फाटकापासनं ओसरीपस्तोर तीनदा थांबली, साहेब. खोकला आला न्हाई तरी थांबली. अन् थांबली की हात वटीपोटावर."

साहेबांनी त्या दिवशी तिला बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही, ते सोडा.

* * *

विचारपूस चालायची तेव्हा बायका पडद्याआड, साहेब अलीकडे आणि मधे मावशी. साहेब विचारायचे, "पेशाब में जलन?" पडद्याआड चिडीचूप. मग मावशी विचारायची, "आडोशाला गेल्यावर मिरची लागल्यावानी व्हतं का गं?" की लगेच आतून, "व्हय की मावशी, आठ दिस झाले."

मावशी साहेबांकडे वळायची. "अशीला कळा लवकर लागत्यात. आधी ही आग इझवा."

पुस्तकात हे होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण साहेबांनी औषध लिहिलं, मी घोटलं, आणि पुढे मिरचीचा प्रश्न साहेब स्वतःच विचारायला लागले, तोही हैदराबादी मराठीत. पडद्याआडच्या बायका हसून बेजार व्हायच्या, पण उत्तरं द्यायच्या.

* * *

मावशीचा अंदाज उलट्या बाजूनेही चालायचा. एका देशमुखांच्या घरून धावतपळत बोलावणं आलं. सुनेला आठव्यातच कळा लागल्या होत्या. आमच्याकडे आठव्यातलं बाळंतपण म्हणजे सगळ्यात धास्तीचं. घरात रडारड सुरू झालेली. साहेबांनी मला कापूस आणि गरम पाण्याच्या बाटल्या घेऊन पळवलं. अपुऱ्या दिवसांच्या लेकराला ऊब देण्याची सगळी तयारी झाली.

मावशीने पोटावर हात फिरवला आणि सासूला विचारलं, "यंदा धोंड्याचा महिना आलता, त्यो मोजला का?"

धोंड्याचा म्हणजे अधिक महिना. सासू ठसक्यात म्हणाली, "धोंड्यात आमी लगीन धरत न्हाई का सोयरीक. मग त्यो कावून मोजायचा?"

"तुमी न्हाई मोजला, लेकरानं मोजलाय," मावशी म्हणाली. "दिवस पुरे हायत. रडणं थांबवा, पाणी तापवा."

तासाभरात गुटगुटीत नातू झाला. साहेब घामेघूम. कापूस मी परत आणून कपाटात ठेवला.

* * *

परळीच्या एका वाण्याच्या बायकोला साहेबांनी पोटाला नळी लावून तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. मावशीने त्यांच्या हातातली नळी नुसती चार बोटं वर सरकवली. साहेबांनी पुन्हा कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. आत दुसरं लेकरू होतं.

"दोघांस्नी जागा लवकर अपुरी पडती," मावशी वाण्याला म्हणाली. "दुकान भावावर सोपवा अन् आजपासून हितंच बिऱ्हाड करा." त्याने केलं. जुळं महिनाभर आधीच आलं आणि दोन्ही जगली.

* * *

आता माझ्या घरचं.

माझी दोन लेकरं सातव्या महिन्यातच आली आणि गेली. मी दुसऱ्यांच्या बायकांची औषधं घोटायचो, आणि माझ्या घरचा पाळणा माळ्यावर पडून होता. बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले, पाचवा लागला, तेव्हा मी मावशीचे पाय धरले. "हिचं सांग."

येताजाता कुणाचंही सांगणारी मावशी म्हणाली, "बघू." मी पुन्हा विचारलं. "तू औषध घोट," म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी दवाखान्यातून गायब व्हायची आणि माझ्या घरी जायची. बायकोचं विहिरीचं पाणी बंद, जातं बंद. माझी आई कुरकुरली, "सून हाय का देव्हाऱ्यातली मूर्ती?" मावशीने घागर उचलली आणि पाणी स्वतः भरलं. मग पोटावर तळवा ठेवून तास तास बसायची. पोट सारखं कडक व्हायला लागलं की त्या दिवशी बायकोने बाजेवरून उतरायचं नाही.

सातव्यात कडा गावाहून माझा मेव्हणा तिला माहेरी न्यायला गाडी घेऊन आला. मावशी म्हणाली, "दादा, बैल सोडा, जेवा, अन् रिकामी गाडी घेऊन जावा." तो रुसून गेला. सातवा सरला, आठवा सरला. मला अन्न गोड लागत नव्हतं. नववा पुरा भरला आणि एका दुपारी मुलगी झाली. काय रडली म्हणता! मी दारात बसून तिच्याहून जास्त रडलो.

साखर घेऊन दवाखान्यात गेलो. मावशीही तिथे आली होती. दोघांच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणालो, "साहेब, हिने सगळ्या तालुक्याचं सांगितलं, माझ्याच बायकोचं तेवढं सांगितलं नाही."

"मेरेकू बोली थी जी," साहेब म्हणाले. "पयलेच दिन. बोली, येभी सातवे में जाता, मेरेकू रोज दोपहर की छुट्टी देव."

मी मावशीकडे पाहिलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि साखरेसाठी पुन्हा हात पुढे केला.