बाबांसाठी दोन गाड्या

माझ्या बाबांनी बत्तीस वर्षं सरकारी जीप चालवली. जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावरून त्यांनी कुठल्या ना कुठल्या साहेबाला नेलं होतं. स्वतःची गाडी मात्र आमच्याकडे कधी नव्हती. ऑफिसात जीप ठेवायची आणि सायकलवर घरी यायचं, पुढे सायकलची स्कूटर झाली, एवढंच. ते रिटायर झाले, मी ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायला लागले, वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या घरावर एक मजला चढला. मग एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, आता गाडी घेऊ. इलेक्ट्रिक."

"घे," ते म्हणाले. "पन चालवीन मी."

तेव्हा ते विसरायला लागले होते. चष्मा, पाण्याची मोटर, शेजाऱ्यांची नावं. एकदा दूध आणायला गेले ते दोन तासांनी रिकाम्या हातानं आले आणि ओळखीचं कोणी भेटलं होतं म्हणाले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली आणि मोबाइलवर गाड्या बघायला लागले. त्या विसरण्याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. गाडीचं काय करायचं ते कळत होतं.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक अगदी छोटी, डबीसारखी, दोनच दारांची. दुसरी तिच्यापेक्षा लांब, चार दारांची, आणि त्या मानानं महागही. मी वहीचं एक पान उभं दुमडलं आणि दोन रकाने केले. छोटी आमच्या गल्लीत एका दमात वळली असती, घरच्या साध्या प्लगवर रात्रभरात चार्ज झाली असती. पण नागपूरला जाऊन परत यायचं तर उन्हाळ्यात एसी लावून ती पुरेल याची खात्री कोणी देईना. बाबांना एकदा स्वतः चालवत आम्हाला दीक्षाभूमीवर न्यायचं होतं. आजवर साहेबांना कितीदा तरी नेलं, आम्ही मात्र नेहमी एसटीनं गेलो. मोठी गाडी वाटेत कुठे चार्ज न करता जाऊन येणार होती. तिची सीटही उंच होती, बाबांच्या गुडघ्यांना बरी.

बाबांना छोटी आवडली. आईला नाही.

"मांग बसाले दार नाई तिले," आई म्हणाली. "समोरची सीट वाकवून लुगडं सावरत घुसू का मी? ह्या वयात?"

"तू समोर बसजो ना माह्या बाजूले," बाबा म्हणाले. आई लाजली. तिला लाजताना मी फार वर्षांनी पाहत होते.

छोटी गाडी आम्ही वर्ध्यातच चालवून पाहिली, शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत. बाबांचा डावा पाय सारखा खाली काहीतरी शोधत होता.

"क्लच नाई हिले?"

"नाही बाबा. गियरही नाहीत."

"मंग ड्रायव्हरले काम काय?" ते हसले, पण चार चकरा मारून उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले. वाटलं, हेच औषध आहे.

पुढच्या आठवड्यात मोठी गाडी घेऊन नागपूरहून सेल्समन घरी आला. तो बाबांच्या शेजारी बसला, आई आणि मी मागे. बाबांनी गाडी सरळ आंजीच्या रस्त्याला घेतली. छान चालवत होते. समोरच्या ट्रॅक्टरला वाट दिली, खड्डे चुकवले. "काका, हात तो बहुत सेट है आपका," सेल्समन म्हणाला. मी मनातल्या मनात मोठीच्या रकान्यावर बरोबरची खूण केली.

आंजीत शिरल्यावर एका बंद इमारतीपुढे त्यांनी गाडी थांबवली. उतरले, वळसा घालून आले आणि आईच्या बाजूचं दार उघडून ताठ उभे राहिले. आम्हाला वाटलं, गंमत करताहेत. मग ते आईकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही कोन? साहेबाच्या गाडीत काऊन बसल्या? साहेब मीटिंगीतून येऊन राह्यले, उतरा लवकर."

आई खरंच उतरली. रस्त्याच्या कडेला जाऊन पदर धरून उभी राहिली. बाबा दाराशी तसेच, साहेबांची वाट बघत. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला. अर्ध्या तासानं ते आपोआप सैल पडले आणि "इथं काय करून राह्यलो आपन?" असं मलाच विचारायला लागले. परत येताना गाडी सेल्समननं चालवली. नंतर त्यानं कधी फोन केला नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. गोळ्यांनी विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. गाडी चालवू द्यायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईनं लायसन्स तिच्या लोखंडी पेटीत ठेवलं. बाबांनी ते कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाडी तरीही घ्यावी लागली. दर महिन्याला नागपूरला न्यायचं होतं आणि एसटीच्या गर्दीत ते घाबरून ओरडायचे. एकदा केळझरच्या थांब्यावर आम्हाला न सांगता उतरून गेले होते. मी पुन्हा वहीचं पान काढलं. गल्लीतलं वळण, चार्जिंग, सीटची उंची, कशाचंच आता काही वाटेना. मी दोन्ही शोरूमना एकच प्रश्न विचारला. मागच्या माणसाला आतून दार उघडता येणार नाही, असं लॉक आहे का? छोट्या गाडीला मागे दारच नव्हतं, आणि सीट वाकवून बाबांना आत बसवणं जमलं नसतं. मोठीला तसं लॉक होतं, तेव्हा तीच घेतली. डिलिव्हरीला मी एकटीच गेले. शोरूमवाल्यांनी हार घालून फोटो काढू का विचारलं, मी नको म्हटलं.

आता दीड वर्ष झालं. मी चालवायला शिकले, बऱ्यापैकी चालवते. आई मागे बाबांजवळ बसते. तिला ते "बाई" म्हणतात आणि तिनं ते चालवून घेतलं आहे. दीक्षाभूमीवर आम्ही एकदा गेलो. बाबा गाडीतून उतरले नाहीत. आई आणि मी पाळीपाळीनं आत जाऊन आलो.

दर वेळी बसण्याआधी ते अंगणात अडून विचारतात, "कोनाची गाडी होय?" सुरुवातीला मी सांगायचे, "तुमचीच आहे, बाबा." ते मान हलवायचे. आपल्याकडे गाडी नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग हात धरून, समजावून, कधी रडून बसवावं लागायचं. हल्ली मी म्हणते, "सरकारी आहे." तेवढ्यावर ते बसतात. मी बाहेरून दार लावते.