बरोबरीच्या माणसाला ओरडायचं कसं

आमच्याकडे खो-खोचा सामना सुरू होण्याआधी मुली आधी मैदानाला आणि मग सरांच्या पायांना हात लावतात. त्या दिवशी मी मैदानाला हात लावला आणि सरळ उभी राहिले. "सर, माणसानं माणसाच्या पाया पडू नये," मी म्हणाले. वडील चळवळीतले, त्यांनी घरी आणलेली पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. ते वाक्य मला नुसतं पाठ नव्हतं, पटलेलं होतं. आजही पटतं.

सर एवढंच म्हणाले, "बरं."

तेव्हापासून त्यांनी मला ओरडणं बंद केलं. इतरांचं पूर्वीसारखंच चाललं होतं: "अगं ए, मेंदी वाळवतीस का? सूर मार की!" मी चुकले की मात्र नुसती शिट्टी. जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आली होती आणि मला पहाटे सरावाला उठवेना. आपण चुकलो तरी कुणाला काही वाटत नाही, असं एकदा मनात बसलं की पाय उचलत नाहीत. शेवटी आईला सांगितलं, खेळ सोडते.

जर्सी परत द्यायला गेले, तेव्हा सर पांढऱ्या फक्कीनं मैदानाच्या रेषा मारत होते.

"पाया पडले नाही, त्याचा राग असेल तर तोंडावर बोला," मी म्हणाले.

सर वाकलेले तसेच थांबले. "राग कशाला येईल? तूच दाखवलंस, आपण बरोबरीचे. बरोबरीच्या माणसाला वरडायचं कसं? मला न्हाई येत. आमचे सर बी वरडूनच शिकवायचे."

मला हसू आलं. "मग विचारा ना. काय चुकलं ते मलाच विचारा."

त्यांनी फक्कीचं घमेलं माझ्या हातात दिलं. "धर. आन् सांग, परवा खांबापाशी बाद कावून झालीस?"

"वळताना मागं बघितलं."

"कावून?"

"तुम्ही ओरडता का, ते बघायला."

"लई अवघड हायस बाई तू," म्हणत सर पलीकडच्या खांबाकडे गेले.

मी जर्सी खांद्यावर टाकून उरलेली रेष मारायला घेतली.

"अगं ए, नागीण काढतीस का रेष?" सर तिकडून ओरडले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "म्हंजी... वाकडी कावून चाललीय?"

मी घमेलं खाली ठेवलं आणि ड्रेसवरूनच जर्सी अंगात घातली.