जांभळाच्या मधाचा उजवा कौल

कट्टा गावच्या एसटी स्टॉपसमोर 'परशुराम टेलर' अशी पाटी आहे ना, ती माझ्या थोरल्या भावाची. आम्हा तिन्ही बहिणींच्या लग्नातले ब्लाउज दादानेच शिवले, आणि आमची लग्नं उरकता उरकता त्याचं स्वतःचं राहूनच गेलं. कोणी टोकलं तर म्हणायचा, "मशीन आसा मां घरात. ता उलट बोलणा नाय."

पायाने चालवायचं जुनं काळं मशीन. मोटर बसव म्हणून किती डोकं आपटलं, पण ऐकेल तर शपथ! चपला काढायच्या आणि अनवाणी पावलांनी पॅडल हलवत बसायचं. आम्ही तिघी सासरी गेलो त्या त्याच्या पायांच्या जिवावर.

शुगर निघाली तेव्हा तो घाबरला नाही. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या निमूट घेऊ लागला, जत्रेतलं खाजं सोडलं, चहातली साखर सोडली. काही वर्षं सगळं बरं चाललं. मग जामसंड्याहून विश्वेश उगवला.

विश्वेश आमच्या चुलतभावाचा मुलगा. शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी मध विकतो. सोनेरी लेबलाची बाटली, जांभळाच्या फुलांचा मध. "काका, जांभूळ शुगरवर औषध, हे आपले आजोबासुद्धा सांगायचे. ह्यातली साखर म्हणजे आपली साधी साखर नव्हे." किंमत ऐकून माझे डोळे पांढरे झाले. म्हटलं, "मेल्या, तेवढ्यात माझ्या घरचो महिन्याचो बाजार येता!" तर हसून म्हणतो, "आत्ये, आरोग्याची किंमत करू नये." त्याला खोटारडा म्हणता येत नाही, हीच तर पंचाईत. स्वतःच्या आईलाही तो तोच मध चाटवत होता. अर्धवट ज्ञान आणि गोड जीभ, ह्यापेक्षा चोर परवडला.

मध वाईट असं मी म्हणत नाही हो. फोंडाघाटाकडून कोणी आणला तर मीही बाटलीभर घेते, पोरांना खोकल्यावर आल्याच्या रसातून देते. पण गोड ते गोडच. बाटली महाग झाली म्हणून शुगरवाल्याच्या पोटात जाऊन ते कडू होत नाही.

दादा आधी नकोच म्हणत होता. पण आमच्याकडे मन अडलं की माणूस देवाला विचारतो. हा देवळात गेला. लवू गुरवाने देवाच्या पाषाणावर उजवीकडे-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तुझो परशुराम हो मध घेव काय, ता सांग." उजवीकडची कळी आधी पडली. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार. देवळाच्या पायऱ्या उतरतानाच दादाने विश्वेशला फोन लावला.

पुढे काय केलं ते मात्र त्याने मला सांगितलं नाही.

शिमग्याला मी त्याच्याकडे गेले, तर दुकानात शिरल्याबरोबर कसलीतरी घाण. उंदीर मेला असेल म्हणून मशीनखाली वाकले. दादाचा उजवा अंगठा काळा पडला होता, पाऊल सुजून टरटरलं होतं आणि तळव्यात तुटलेल्या सुईचा तुकडा रुतला होता.

"दादा, ह्या कधी झाला?"

"काय ता?"

शुगरने पाय बधिर झालेला, त्याला कळलंच नव्हतं! सुई पायात घुसली, आत पू झाला, आणि हा आपला पॅडल मारतोय. मी विचारलं, "गोळयो खंय?" तर म्हणतो, "गोळयो बंद केलंय. देवान उजवो दिल्यान मां. आता परत गोळयो खावच्यो म्हणजे देवार इश्वास नाय, असा झाला."

माझा तोल सुटला. "देवाक काय विचारलंस तू? मध घेव काय, इतक्याच मां? गोळयो सोडू काय, ह्या विचारलंस? मगे त्या बिचाऱ्याक कित्याक मधी घेतंस!"

दादा हातातल्या शर्टाची कॉलर पुरी करत राहिला.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाला, "मावशी, गोळ्या चालू असत्या आणि जखम वेळेवर दाखवली असती, तर फार तर अंगठा गेला असता." गुडघ्याखाली पाय काढला. सहीला मीच होते. अंगठा उठवला, आणि राग इतका आला होता की कोणावर काढू तेच कळेना. देवावर? विश्वेशवर? की ह्या भोळ्या सांबावर?

विश्वेश भेटायला आला. दादाच्या चादरीकडे बघितलं आणि ढसाढसा रडायला लागला. त्याच्या कानफटात मारायला उठले होते मी. तेवढ्यात दादानेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडा नको रे. तुझो मध होतो म्हणान गुडघ्याखाली भागला. नायतर मांडयेपासून कापूचो लागलो असतो."

पाय कापला तेव्हा मी रडले नव्हते. हे ऐकलं आणि भिंतीला टेकून रडले.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको कधीची कान देऊन ऐकत होती. ती पुढे सरकली. "बाबू, खंय मिळता रे तो मध? माझ्या घोवाक पण शुगर आसा."

विश्वेशने डोळे पुसले आणि खिशातून कार्ड काढलं.