रस्ता बदलल्याचं कळवलं नाही

घरी मी खोटं सांगून गेले होते. आई आणि अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दोघांना वाटत होतं की बेंगळूरला बेळ्ळंदूरच्या ऑफिसातले आम्ही सहाजण हिमालयात चाललोय. अण्णाचं चिकपेटला कापडाचं दुकान आहे. त्यानं शेजारच्या दुकानातून लोकरी मोजे आणले आणि विचारलं, "बाकीच्यांनाही हवेत का?" मी नको म्हटलं. बाकीचं कुणी नव्हतंच. बेचाळीस वर्षं कुणाच्या ना कुणाच्या सोबतीनं वावरले होते. चार दिवस बर्फात एकटीनं चालायचं होतं.

त्या वाटेवर मुक्कामाला दगडी खोपट्या आहेत. सकाळी एकीतून निघायचं, दुपारपर्यंत पुढची गाठायची. प्रत्येकीत खालच्या गावातला एक माणूस राहतो, चूल पेटती ठेवतो आणि कोण निघालंय ते वॉकीटॉकीवरून पुढच्या खोपटीला सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खोपटीचा रखवालदार आभाळाकडे बघत म्हणाला, "आज मी खिंडीपर्यंत येतो."

"नको. एकटं चालायलाच आलेय मी," मी ऐटीत म्हणाले.

त्यानं त्याच्या घरचा नंबर माझ्या फोनमध्ये घालायला लावला. "वाट बदलली तर गावातून एवढं कळवा. घरचे मला वर सांगतील."

खिंडीत बर्फ गुडघ्याला लागलं. धुकं आलं. पुढची वाट दिसेना तशी मी रडायला लागले, आणि गावाकडे उतरणारी पायवाट सापडताच ती धरली. ते चुकलं असं आजही कुणी म्हणत नाही. दोनच्या सुमारास गावात पोचले. चहाच्या दुकानामागे राहायला खोली मिळाली, फोनलाही रेंज आली. घरी मेसेज टाकला: सगळे मजेत आहोत. मग तो नंबर काढला. सकाळची ऐट आठवली. घाबरून पळून आले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? उद्या बघू म्हणून फोन खिशात टाकला.

सकाळी जीपची वाट बघत उभी होते, तर वरून चार-पाच जण फळीवर बांधलेल्या एका माणसाला घेऊन उतरले. पन्नाशीचा असेल. चेहरा काळानिळा पडलेला.

"काय झालं?" मी चहावाल्याला विचारलं.

"तिसऱ्या खोपटीवरचा आहे. बंगलोरची कुणी बाई यायची होती, ती आलीच नाही. तिला शोधायला गेला आणि घसरला. रात्रभर बर्फात पडून होता."

मी गप्प राहिले. जीप येऊन थांबली तरी गप्पच होते. फळी धरलेल्यांपैकी एकानं मान वर केली; तो दुसऱ्या खोपटीचा रखवालदार होता. तो ओरडला नाही. त्यानं फळी जपून खाली ठेवली, वॉकीटॉकी काढला आणि म्हणाला, "मिळाली. सगळे परत या."

वर अजून सहाजण मला शोधत होते.

जीपमध्ये मी त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. "तुम्हीच का त्या?"

"हो."

"पाय धड आहेत ना?" एवढं विचारून त्यानं डोळे मिटले.

त्याची मांडी दोन ठिकाणी मोडली होती. दवाखान्यात त्याची बायको आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक फोन करायचा होता, बाई." मी हात जोडले, तर तिनं तोंड फिरवलं.

बेंगळूरला आल्यावर घरी सगळं सांगितलं. आई उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णानं विचारलं,

"आम्हाला मेसेज केलास, तेव्हा फोन हातातच होता ना?"

"लाज वाटली, अण्णा."

"स्वल्प लाज सोसायची होती गं. सरी झालं असतं, ठीक झालं असतं सगळं."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. तिसऱ्या खोपटीवाल्याचा पाय जुळला, पण आखूड राहिला. खोपटी आता त्याचा मेहुणा बघतो. मी महिन्याला फोन करते. त्याची बायको "ठीक आहेत" म्हणून ठेवून देते. मागच्या महिन्यात मात्र त्यानंच उचलला. आवाज मोकळा होता. बर्फ वितळलं की काठी घेऊन एकदा वर जाणार आहे, म्हणाला. "तुम्ही येता का? तिसरी खोपटी बघायची राहिली तुमची."

मी सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.