काबुली नालबंदाची चौकशी

नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेलेत. एक साधी चौकशी मात्र लख्ख आठवते. तिच्यात आरोपी नव्हता. गुन्हा झाला, तो माझ्या हातून.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची, लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी जळगाव जामोदकडे ठाणेदार होतो. तिथल्या बैलबाजारात एक काबुली नालबंद बैलांच्या खुरांना पत्र्या मारी. पोरवयात घोड्यांच्या सौदागरांबरोबर आला आणि इथंच राहिला. बायकोही इथलीच केली. लढाईमुळे परदेशी माणसांवर नजर ठेवायचे हुकूम निघाले, तेव्हा त्यानं आपल्याला इथली रयत करून घ्यावं म्हणून सरकारात अर्ज दिला. दाखला मिळाला तर राहायचं, नाही तर मुलूख सोडायचा. त्याचं वर्तन कसं आणि तो इथं सलग राहतो का, हे मी कळवायचं होतं.

एक अडत्या आधीच कानाशी लागला होता. "साहेब, तो कुठी कुठी गायब राह्यते. हेर-बीर असन." नालबंदाची लिंबाखालची जागा त्याला हवी होती, हे मला ठाऊक होतं. तरी खबर ती खबर. नालबंदाला ठाण्यात बोलावलं.

"मराठी येते का?"

"साहेब, बैलाले काबुलीत शिव्या देल्या तं तो पाय उचलन काय?"

शिपाई हसले. मी हसू दाबलं. "गायब कुठं होतोस?"

"खेड्यायनी जातो जी, पत्र्या माराले. मले कुठी जाचं हाय? मेलो तं इथंच माती द्या म्हणा."

मग पाटील आणि गावकरी जबाबाला आले. पाटील म्हणाला, "तो इथं राह्यतेच कुठं, साहेब? आला-गेला माणूस. आमची त्याची वळखच नाही." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी लिहीत गेलो, अंगठे घेत गेलो.

निघताना पाटील बैल जुंपत होता. बैलानं पाय उचलला. पत्री कोरी होती, आणि त्या भागात दुसरा नालबंद नव्हता.

"ही कोणी मारली, पाटील?"

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "सरकार धराले पाह्यते, अन् आपून आपला माणूस दाखवून द्याचा काय जी?"

आमच्याकडची रीतच ती. ठाण्यातून कुणाची विचारपूस आली, की तो माणूस गावात नसतोच. त्यांना वाटलं, वॉरंट आहे. त्याला वाचवायला ते त्याचं राहणंच पुसत होते.

चौकशी त्याला इथं ठेवून घ्यायच्या दाखल्यासाठी आहे, हे खरं सांगून मी जबाब पुन्हा घ्यायला हवे होते. पण जबाब फिरले की वरून विचारणार, काबुल्याकडून काय खाल्लं? माझी बढती तोंडावर होती. 'रहिवास सिद्ध होत नाही' असा शेरा मारून मी कागद बुलढाण्याला धाडले. जबाबांत माझ्या पदरचा एक शब्द नव्हता, याचं तेव्हा समाधानही वाटलं.

मुलूख सोडण्याचा हुकूम आला. नांदुऱ्याच्या स्टेशनावर त्याला आणि बायकोला गाडीत बसवायला मीच गेलो. ती बाई नांदुऱ्यापलीकडे कधी गेली नव्हती. पाटील भाकरी बांधून आला होता.

"आमी तं सारं बराबर सांगतलं होतं ना जी? मंग काऊन नेऊन राह्यले त्याले?"

"सरकारचा हुकूम," मी म्हणालो.

नालबंद माझ्याकडे बघत होता.

जबाब घेण्याआधी माणसाला सांगावं, कशासाठी विचारतोय. मी शिकलो ते एवढंच, आणि त्याची किंमत भलत्यानं भरली. बढती मिळाली. पाटील पुढंही भेटायचा. दरवेळी म्हणायचा, "लय वाचोलं होतं साहेब आमी त्याले, पण त्याचं नशीब."

मी "हो" म्हणायचो. तो वारेपर्यंत मी त्याला खरं सांगितलं नाही.